कारागीर आधी, नकाशा नंतर : नाशिकमध्ये दगड-चुन्याचं घर बांधू पाहणाऱ्यांसाठी

गिरणाऱ्याच्या अलीकडे आमचं छोटं घर उभं राहायला दोन पावसाळे गेले. त्यातला एक निव्वळ माझ्या चुकीने गेला. मी आधी नकाशा काढून घेतला, मंजूरही करून घेतला आणि मग तो बांधणारा माणूस शोधायला निघाले. पहिले पाथरवट आले, त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांनी कागद आडवा-उभा करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, ही भिंत विटेची आहे. दगडाची नाही." नकाशात भिंत ९ इंचांची होती. दगडाची भिंत १४-१५ इंचांच्या खाली नीट बांधताच येत नाही. सगळ्या खोल्या आक्रसल्या, जिन्याला जागा उरली नाही आणि नकाशा पुन्हा मंजुरीच्या रांगेत गेला.

हा लेख स्वतःच्या प्लॉटवर तळमजला किंवा फार तर वर एक मजला बांधणाऱ्यांसाठी आहे. सगळंच जुन्या पद्धतीने करा असं मी म्हणत नाही. आमच्या घरात आरसीसी आहे, न्हाणीघरात टाइल्स आहेत. पण भिंती काळ्या दगडाच्या, गिलावा चुन्याचा आणि माजघरावरचा कडीपाट जुन्या सागवानाचा आहे.

१. दोन सकाळी जुन्या नाशकात घालवा

इंटरनेटवरचे फोटो बाजूला ठेवा आणि सराफ बाजारातल्या पेशवेकालीन सरकारवाड्यापासून सुरुवात करा. तिथून जुन्या नाशकातल्या गल्ल्यांमधून फिरा. बहुतेक वाड्यांना खाली काळा दगड आणि वर वीट-लाकूड दिसेल. ही हौस नव्हती. गोदावरीचं पाणी कुठवर येतं हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा आपण सगळ्यांनी ते पाहिलं. पाणी झेलणारा दगड खाली आणि हलकं सामान वर, असा हा साधा हिशेब आहे.

मग काळारामाच्या मंदिराकडे जा. १८ व्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी ते बांधलं. दगड रामशेजच्या खाणीतून आणला असं सांगतात. तिथे मूर्तीइतकेच दगडांचे सांधेही निरखून बघा. दिवस हाताशी असेल तर सिन्नरचं गोंदेश्वर बघून या. हेमाडपंती पद्धतीत चुन्याचा लेप न घालता दगडात दगड कसा बसवला आहे ते पाहिलं की आपल्या बेसॉल्टमधून काय काय करता येतं याचा अंदाज येतो.

पडलेले वाडेही बघा, बाहेरून आणि सांभाळून. दर पावसाळ्यात एखाद्या वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते आणि लोक म्हणतात, "मातीचुन्याचंच बांधकाम, पडणारच." पुष्कळदा सुरुवात छपरापासून झालेली असते. कौलं फुटतात, पाणी तुळईच्या भिंतीत गाडलेल्या टोकापाशी मुरतं, टोक कुजतं, तुळई बसते आणि भिंतीला बाहेर ढकलते. हे लक्षात ठेवा, लाकडाच्या पायरीत उपयोगी पडेल.

२. कागद

कंटाळवाणं आहे, पण आधी उरकून घ्या.

- सातबारा उतारा आणि फेरफार, किंवा शहरात असाल तर मालमत्ता पत्रक
- मोजणी नकाशा (शेजाऱ्यासमोर खुणा घालून घेतलेला)
- झोन दाखला आणि बिगरशेतीचे कागद
- आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरने सादर केलेला, मंजूर झालेला नकाशा. महापालिका हद्दीत महापालिका, बाहेर असाल तर तुमच्या गावाला लागू असलेलं प्राधिकरण. २०२० पासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, तीच बघायची.
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, भारवाहक (कॉलमशिवाय घराचा भार स्वतः पेलणाऱ्या) भिंतींच्या हिशेबासह
- दगड, मुरूम, वाळूच्या प्रत्येक गाडीचा गौण खनिज वाहतूक परवाना
- जुन्या लाकडाची पावती

गृहकर्ज घेणार असाल तर बँकेच्या मूल्यांकनकाराला पहिल्या दिवशीच सांगा की भिंती भारवाहक आहेत. आमच्याकडे जो आला तो जोत्यावर उभा राहून विचारत होता, "कॉलम कुठे आहेत?" कॉलम नव्हतेच. कर्जाचा पुढचा हप्ता दीड महिना अडकला, शेवटी इंजिनिअरच्या पत्रावर सुटला. ते पत्र आधीच तयार ठेवा.

३. कारागीर शोधा

दगडकाम येणारा माणूस जाहिरातीत सापडत नाही. आसपास कुठल्या मंदिराचा जीर्णोद्धार चालला आहे, कुठे घाटाची किंवा विहिरीची दुरुस्ती सुरू आहे, तिथे जा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जा, म्हणजे बोलायला वेळ असतो. आम्हाला मामा असेच भेटले.

एक गोष्ट आवर्जून करा. ३ फूट लांब, ३ फूट उंच नमुना भिंत बांधायला सांगा आणि तिची मजुरी चोख द्या. ती बघताना एवढं तपासा:

उभे सांधे एकावर एक आले आहेत का? सांधमोड नसेल तर भिंत तिथेच चिरणार.

भिंतीच्या आरपार जाणारे दगड किती आहेत? कारागीर न सांगता ते घालत असेल तर माणूस जाणता आहे.

दोन्ही तोंडांना छान दगड आणि पोटात चुरा भरला आहे का? असेल तर नमस्कार करून निरोप घ्या.

ओळंबा खिशातून निघतो की मागावा लागतो?

पैशांचं आधी स्पष्ट ठरवा. दगडाची घडाई दर्शनी चौरस फुटावर, बांधकाम ब्रासवर (१०० घनफुटांचं माप) आणि चुन्याचं काम रोजावर, असं आम्ही ठरवलं. चुन्याचं काम ठेक्यावर कधीच देऊ नका. ठेकेदाराला घाई असते आणि चुना घाई करत नाही. मोठी उचलही देऊ नका. दर आठवड्याला मोजमाप करून पैसे दिले की दोन्ही बाजूंना बरं पडतं.

४. आता नकाशा, आणि इंजिनिअरशी भांडण

आर्किटेक्ट आणि कारागीर यांना एकाच सतरंजीवर बसवा. खिडकीवर कमान हवी की दगडी पट्टी, कोनाडा भिंतीत किती खोल जाईल, हे तिथेच ठरतं.

स्ट्रक्चरल इंजिनिअर तुम्हाला आरसीसी फ्रेमकडे ढकलेल. त्याचं सगळंच चूक नसतं. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जे झालं त्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावरची जड माळवदं (मातीची सपाट छपरं) लोकांच्या अंगावर आली. त्या भिंतींची दोन तोंडं एकमेकांना बांधलेली नव्हती. हादऱ्यात ती सुटी झाली. म्हणून या गोष्टींवर अजिबात तडजोड नको:

- भिंतीची जाडी साधारण १४ ते १८ इंच. जाड म्हणजे मजबूत हा गैरसमज आहे.
- दर २ फूट उंचीला एक थर आरपार दगडांचा, आणि त्यात दोन दगडांमधलं अंतर ४ फुटांच्या आत.
- जोतं, दारा-खिडक्यांच्या वरची पातळी आणि छपराखाली असे तीन आडवे आरसीसी पट्टे, घराभोवती अखंड फिरलेले.
- दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान २ फूट लांब.

आरसीसीचा पट्टा घातला म्हणून घराचं पारंपरिकपण बाटत नाही. आमच्या एका नातेवाइकाने तसं ऐकवलं होतं, त्याला मी किल्लारीचे फोटो दाखवले.

पायासाठी आधी खड्डा खणून बघा. नाशिकच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया नको. खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जा आणि जोत्यात भराव मुरमाचाच करा. खणलेली काळी माती बागेला ठेवा.

५. दगड

आपल्याकडचा दगड म्हणजे बेसॉल्ट, काळा पाषाण. इथलाच घ्या. एका ओळखीच्यांनी हौसेने कोकणातून जांभा मागवला. वाहतुकीतच इतके पैसे गेले की कंपाउंडवर थांबले.

दगड निवडायची पद्धत मामांनी शिकवली. हातोडीने ठोकायचं. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे. बारीक छिद्रांचा, पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा दगड घडायला सोपा असतो, पण पायात आणि जोत्यात घट्ट काळाच लागतो.

मोजणीत फसगत होते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीवाला गाडीच्या आकाराने ब्रास सांगतो. तुम्ही जमिनीवर १० फूट बाय १० फूट चौकट आखून १ फूट उंच रचून मोजा. मधल्या पोकळ्याही त्या मापात येतात, तेव्हा कसा रचला आहे हेही बघा. आमचा पहिल्या चार गाड्यांचा हिशेब असाच हवेत गेला.

आणखी एक सापळा म्हणजे दगडी क्लॅडिंग. विटेच्या भिंतीला इंचभर जाडीच्या चिपा चिकटवून 'वाडा लूक' देतात. आवडत असेल तर जरूर करा, मात्र त्याने भिंत दुपारचं ऊन धरून ठेवेल, एप्रिलमध्ये घर थंड राहील, अशी आशा धरू नका. ते काम भिंतीच्या जाडीचं आहे.

६. चुना

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

सफेदीसाठी पिशवीत मिळणारी चुन्याची पूड बांधकामाला चालवू नका. ती किती दिवस हवा खात पडली आहे कुणास ठाऊक. कळीचा चुना घ्या, ताज्या भट्टीचा, ढेकळांच्या रूपात. पारख सोपी आहे. बादलीभर पाण्यात एक ढेकूळ टाका. लगेच फसफसून पाणी तापलं आणि ढेकूळ पूर्ण विरलं तर चुना चांगला. तळाशी खडे उरले तर ते कच्चे भाजले गेले आहेत किंवा करपले आहेत.

विझवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. मिश्रण अक्षरशः उकळतं. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पायात गमबूट, आणि मुलं-जनावरं लांब. हौदाला झाकण हवंच. डोळ्यात शिंतोडा गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवत राहा आणि थेट डॉक्टरकडे जा.

विझलेला चुना चाळून हौदात ठेवा, वर कायम चार बोटं पाणी. गिलाव्यासाठी निदान महिनाभर. जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो. आम्ही गणपतीत हौद भरला आणि दिवाळीनंतर उपसला.

प्रमाण: बांधणीला आणि गिलाव्याच्या पहिल्या थराला १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. सुरखी म्हणजे विटांची पूड. वीट नीट भाजलेली हवी, काळी करपलेली नको. साधा चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, सुरखी घातली की ओलसर जागीही पकडतो. वाळू नदीची मिळाली तर उत्तम. क्रश सँड वापरणार असाल तर धुऊन घ्या, तिच्यातली दगडाची भुकटी गिलाव्याला भेगा पाडते. हे प्रमाण ब्रह्मवाक्य समजू नका. चुना दर भट्टीला बदलतो. भिंतीच्या मागच्या बाजूला २-२ फुटांचे तीन-चार चौकोन वेगवेगळ्या प्रमाणात करून तीन आठवडे बघा.

मळणं: पूर्वी बैल जुंपून घाणीत चुना मळायचे. आता मोटरवर फिरणारी जड चाकांची घाणी भाड्याने मिळते. काँक्रीटच्या मिक्सरमध्ये चुना फक्त लोळतो, रगडला जात नाही.

गूळ आणि हिरडा: हिरडा भिजवून त्याचं पाणी, त्यात गूळ, असं चुन्यात घालायची जुनी रीत आहे. चुना हाताखाली मऊ चालतो, पाणीही धरतो. मात्र प्रमाण जाणत्या माणसाकडूनच घ्या. मी 'थोडा जास्त घाला, मजबूत होईल' म्हणाले आणि पंधरा दिवस स्वयंपाकघराच्या भिंतीवर मुंग्यांची जत्रा भरली होती.

आता सिमेंट. गवंडी तुमची पाठ वळली की चुन्यात 'मूठभर' सिमेंट टाकणार. त्याला वाटतं, तो तुमचं भलंच करतोय. थांबवा. थोडंसं सिमेंट चुन्याला ना धड सिमेंट होऊ देतं ना धड चुना राहू देतं. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटचा घट्ट थर आला की ओल मागे कोंडते, क्षार घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्यावर ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट किंवा पीओपी लावलं तरी हेच होतं. रंग हवा असेल तर चुन्याच्या सफेदीत मातीचे रंग घाला. न्हाणीघराच्या आत मात्र आम्ही सिमेंट आणि टाइल्स लावल्या, पलीकडची बाजू चुन्याची मोकळी ठेवली. आमच्या आर्किटेक्टला ते पटलं नव्हतं, पण पाच माणसांच्या अंघोळीपुढे तत्त्व ताणण्यात अर्थ नव्हता.

गिलाव्याचा एक थर अर्ध्या इंचाच्या आत ठेवा. पहिला आवळला की दुसरा. गोणपाट ओलं करून टांगा, दिवसातून तीन-चारदा शिंपडा, निदान दोन आठवडे. उन्हाचा झोत थेट पडू देऊ नका. वरून कडक झाला म्हणजे आतून झाला असं नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत पोचायला महिने लागतात. खात्री करायची असेल तर कोपऱ्यात छोटा टवका काढून शाळेच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन टाका. गुलाबी झालं तिथवर चुना अजून कच्चा आहे.

७. जुनं लाकूड

वाडा उतरवला की त्याच्या तुळया, खांब, पाट्या बाजारात येतात. असं जुनं सागवान शेकडो उन्हाळे-पावसाळे नाही, पण दीड-दोन पिढ्या तरी वाळलेलं असतं, नव्यासारखं वाकत नाही. घेताना:

टोकं बघा. कुजलेली टोकं कापून जी लांबी उरेल तीच तुमची.

भुंग्याची पिवळी पूड पडते का आणि वाळवीच्या नळ्या आहेत का, ते बघा. ठोकून पोकळ आवाज येतो का तेही.

खिळे. सगळे काढल्याशिवाय आरा गिरणीवर नेऊ नका. एक खिळा पातं खातो आणि गिरणीवाला तुमच्याकडून भरून घेतो.

खाचा, भोकं, टोकं वजा जाता हातात येणारं लाकूड बिलातल्या घनफुटांपेक्षा बरंच कमी भरतं. नकाशातल्या गरजेपेक्षा ऐसपैस घ्या.

पावतीवर लाकूड कुठून आलं ते लिहून घ्या. लांबून आणायचं असेल तर वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याचं आधी विचारा. नाक्यावर गाडी अडवल्यावर विचारून उपयोग नाही.

बसवताना ते पडलेले वाडे आठवा. तुळईचं टोक दगडी बैठकीवर ठेवा, तिन्ही बाजूंनी बोटभर मोकळी हवा राहू द्या, चुन्यात किंवा सिमेंटमध्ये चेपू नका.

८. बारीकसारीक

दाराच्या कड्या, कोयंडे, खुंट्या पितळेच्या हव्या असतील तर भांडीबाजार आणि तांबट लेनच्या बाजूला चौकशी करा. जुनी कडी नमुन्याला घेऊन गेलात तर समजावायला सोपं जातं. जमिनीला शहाबाद फरशी पुरेशी आहे. पॉलिश करू नका, पाय घसरतो.

भिंतीत लोखंड घालायचं असेल तर गंज न चढणारं घ्या. काँक्रीटमध्ये गज जसा सांभाळला जातो तसा चुन्यात नाही सांभाळला जात. गज गंजून फुगतो आणि दगड फोडतो.

९. वेळापत्रक

मी आता पुन्हा बांधलं तर असं बांधीन. गणपतीत चुन्याचा हौद. दसऱ्याला पाया. दिवाळीपासून मार्चपर्यंत दगडकाम. मृग लागायच्या आत छप्पर, कुठल्याही परिस्थितीत. पावसाळ्यात आत सुतारकाम. आणि आतला-बाहेरचा गिलावा दुसऱ्या वर्षी, पाऊस उघडल्यावर. एप्रिल-मेच्या वाऱ्यात चुना वाळतो, पिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा जसा उतरतो तसा उतरला तर चुना रेंगाळतो, तेव्हा रात्री गोणपाट झाकून ठेवायचं.

त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला बांधत असाल तर पाऊस कितीतरी पट जास्त. तिथे छपराची वळचण भिंतीपासून निदान ३ फूट बाहेर काढा आणि पश्चिमेची भिंत पडवीने झाका.

खर्च आरसीसीपेक्षा जास्त येतो. सामानाने नाही, मजुरीने. कुणी 'पारंपरिक म्हणजे स्वस्त' सांगत असेल तर त्याने स्वतः बांधलेलं नसतं.

१०. पहिला पावसाळा

राहायला गेल्यावर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती फेरी मारा. वळचणीचं पाणी जोत्यावर उडतंय का? पन्हाळीचं तोंड कुठे पडतंय? कुठल्या दर्जा (दगडांमधले सांधे) ओल्या दिसतात, त्यांवर खडूने खूण करा. पाऊस संपला की त्या खरवडून चुन्यानेच भरा. आमच्याकडे सात खुणा झाल्या. मामा दिवाळीनंतर एका दिवसासाठी आले, सहा भरल्या आणि सातवी बघून म्हणाले, "ही दर्जा नाही ताई, तुमच्या कुंडीचं पाणी आहे. कुंडी हलवा."